तेलाचे दोन थेंब

दिवाळी तोंडावर आली की दिल्लीतील वसाहतींत दोन कामे एकाच वेळी सुरू होतात. एक घराची साफसफाई आणि दुसरे शिवणकाम. साडीला फॉल-पिको, ब्लाऊज, मुलांचे झब्बे, पडदे, उशांचे अभ्रे अशी कामे घरोघरच्या शिवणयंत्रांकडे येऊ लागतात. यंत्र वर्षभर भरपूर राबणार, तेव्हा त्याचीही एकदा नीट साफसफाई करावी, असा विचार गृहिणीच्या मनात येतो. तो योग्यच असतो. पण पुष्कळदा उत्साहाच्या भरात यंत्र अधिकच खोलले जाते, दिसेल त्या छिद्रात तेल ओतले जाते, दिसेल तो स्क्रू आवळला जातो. आणि काल सुरळीत चालणारे यंत्र आज टाका सोडू लागते. ऑर्डर द्यायचा दिवस जवळ आलेला असतो आणि घरातील मिळकतीचे साधन मात्र मुके होऊन बसलेले असते.

शिवणयंत्राशी दिल्लीचे नाते जुने आहे. १९२४ साली महात्मा गांधींनी दिल्लीत २१ दिवसांचा उपवास केला. त्या सुमारास त्यांच्याशी झालेल्या एका संभाषणात यंत्रांचा विषय निघाला. यंत्रांच्या हव्यासाचे कठोर टीकाकार असलेल्या गांधीजींनी शिवणयंत्राचा मात्र अपवाद केला. पत्नीचे कष्ट कमी व्हावेत या प्रेमापोटी सिंगरने ते घडविले, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९३०च्या दशकात भारतीय बनावटीचे ‘उषा’ यंत्र आले आणि दिल्लीचे उद्योगपती लाला श्रीराम यांच्या उद्योगसमूहाने ते देशभर पोहोचविले. सोनेरी अक्षरांचे ते काळे यंत्र कित्येक लेकींच्या लग्नातील आहेराचा मानकरी ठरले. आजही पूर्व दिल्लीतील गांधीनगरच्या तयार कपड्यांच्या बाजारापासून गुरुग्राम आणि नोएडातील निर्यात कारखान्यांपर्यंत कापड व्यवसायाचे मोठे जाळे पसरलेले आहे, आणि त्याच्या कडेकडेने घरबसल्या शिवणारे असंख्य हात काम करीत आहेत.

तेल : किती आणि कोणते?

अतिकाळजीतून उद्भवणाऱ्या बिघाडांत पहिला मान तेलाचा. यंत्राच्या प्रत्येक तेलछिद्रात एक-दोन थेंब पुरेसे असतात. दिवसभर चालणाऱ्या यंत्राला ते रोज द्यावेत. क्वचित चालणाऱ्याला वापरापूर्वी दिले तरी चालते. याहून अधिक तेल आत राहत नाही. ते कापडावर डाग पाडते, दोऱ्याच्या ताणाच्या चकत्यांमध्ये शिरते, पट्ट्यावर उतरते आणि पट्टा घसरू लागतो. दिल्लीत यात आणखी एक भर पडते ती धुळीची. उन्हाळ्यातील आंधीची बारीक धूळ आणि कापडाचे तंतू जास्तीच्या तेलात मिसळून एक प्रकारचा लेप तयार होतो. वंगण म्हणून घातलेले तेल मग यंत्राची झीज करू लागते.

तेलाची जातही महत्त्वाची. यंत्राचे तेल संपले म्हणून स्वयंपाकघरातील तेल घातले, तर ते कालांतराने चिकट होते आणि सुकून राळेसारखे बसते. खोबरेल तेलाची गंमत तर दिल्लीकर मराठी कुटुंबांना सांगायला नको. सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली ते गोठते. जानेवारीत ज्या घरात डोक्याला लावायच्या तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, त्या घरात तेच तेल यंत्राच्या सांध्यांत काय करीत असेल, याची कल्पना करावी. यंत्र जड झाले म्हणून त्यावर आणखी तेल ओतले जाते आणि दुखणे वाढते.

उपाय साधा पण सबुरीचा आहे. प्रथम मोटर असल्यास विजेचा संबंध तोडावा. साचलेला लेप मऊ ब्रशने आणि सुती कापडाने काढावा. फुंकणी किंवा हवेचा झोत वापरू नये. त्याने धूळ आणखी आत जाते. मग शिवणयंत्राचेच पातळ तेल थेंबभर घालून, दोरा न ओवता यंत्र हळूहळू फिरवावे. बाहेर येणारे मळकट तेल पुसावे आणि ते स्वच्छ येईपर्यंत हे पुन्हा करावे. ताणाच्या चकत्यांमधून कोरड्या कापडाची घडी फिरवावी. शेवटी चिंधीवर शिवून पाहावे आणि चिंधीवर डाग पडेनासे झाले, मगच ग्राहकाचे कापड हाती घ्यावे.

स्क्रूंचा मोह

दुसरा बिघाड स्क्रू आवळण्याने होतो. टाका बिघडला की हात आपोआप ताणाच्या स्क्रूकडे जातो. वस्तुतः साफसफाईनंतर बिघडलेल्या टाक्याचे कारण बहुधा सुई किंवा दोरा असतो. सुई अर्धवट बसली किंवा उलटी बसली, तर टाके सुटतात. सुई पूर्ण वरपर्यंत सरकवावी आणि तिची लांब खाच दोरा ज्या बाजूने ओवायचा त्या बाजूला ठेवावी. दाबाचा पाय वर उचलून दोरा पुन्हा पहिल्यापासून ओवावा. एवढ्यावर निम्मी दुखणी बरी होतात.

तरीही टाका सुधारला नाही, तर कापडाकडे पाहावे. खालचा दोरा वर ओढला जात असेल, तर वरचा ताण अधिक आहे. वरच्या दोऱ्याची वेटोळी खाली दिसत असतील, तर तो सैल आहे. बॉबिनची डबी भरून दोऱ्याला लटकवावी. ती जागीच राहावी आणि हलका हिसका दिल्यावर थोडीशीच खाली यावी. डबी धडधडत खाली आली, तर तिचा स्क्रू सैल आहे. हलतच नसेल, तर आवळला गेला आहे. तो स्क्रू एका वेळी पाव वळशापेक्षाही कमी फिरवावा.

एक बिघाड तर पुष्कळांना हताश करतो. हातचाक काढून पुसले, पुन्हा बसविले, आणि आता चाक फिरते पण सुई हलत नाही, किंवा बॉबिन भरताना सुई थांबत नाही. यंत्र कायमचे गेले, असे वाटते. प्रत्यक्षात चाकाच्या मधल्या चकतीमागील छोटा वॉशर उलटा बसलेला असतो. तो अर्धा वळसा फिरवून बसविला की यंत्र पूर्ववत चालू लागते.

हात कोठे आवरावा?

सुईची दांडी आणि शटल यांचा मेळ फार नाजूक असतो. सुई खालून वर येऊ लागते त्या क्षणी शटलच्या टोकाने दोऱ्याचा फास पकडायचा असतो. म्हणून दांडीचा स्क्रू घरी सैल करू नये आणि शटलचा मार्ग पॉलिश कागदाने घासू नये. तेथील लहानसा ओरखडाही दोरा तोडत राहतो. हे काम जाणत्या कारागिराचेच होय. घरी काही उघडायचे असल्यास आधी मोबाइलवर छायाचित्र काढावे, काढलेले भाग क्रमाने कापडावर मांडावेत आणि एका वेळी एकच बदल करून चिंधीवर टाका पाहावा. दोन बदल एकदम केले, तर उपाय कोणता लागू पडला आणि अपाय कशाने झाला, हे कळत नाही.

शिवणकामावर उपजीविका असणाऱ्यांसाठी आर्थिक साहाय्याच्या वाटा आहेत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ पारंपरिक व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि पाच टक्के व्याजदराने दोन टप्प्यांत तीन लाख रुपयांपर्यंतचे कर्ज, अशी तिची रचना आहे. परंतु कर्ज व्यवसाय वाढविण्यासाठी असावे, वॉशर उलटा बसला म्हणून नव्हे. नवे यंत्र घेण्याचा निर्णय करण्यापूर्वी जुन्या यंत्राची सुई बदलावी, दोरा पुन्हा ओवावा आणि एक दिवस धीर धरावा. आजी-आईच्या हातची ती काळी यंत्रे आजही कापड धरतात, ती कोणी रोज उघडून पाहिली म्हणून नव्हे. वेळच्या वेळी पडलेले तेलाचे दोन थेंब त्यांना पुरले.