सदुसष्ट कोटींचे नागपूरकर

सप्टेंबर २०२५ मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात वासुदेव गायतोंडे यांचं १९७० सालचं एक चित्र ६७ कोटी ८ लाखांना गेलं आणि माझा फोन वाजायला लागला. ‘आपल्या नागपूरचेच ना हो ते?’ विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांनी त्यांचं एकही चित्र पाहिलेलं नसावं.

नागपूरचे म्हणजे किती? २ नोव्हेंबर १९२४ला जन्म इथला, एवढंच. घराणं गोव्याचं, बालपण गोव्यात आणि मग मुंबईत, गिरगावच्या चाळीत. १९४८मध्ये जे. जे.ची पदविका घेतली, त्यामुळे मोटारी धुता धुता चित्रकार झालेल्या कृ. ह. आरांसारखं त्यांना स्वयंशिक्षित म्हणता येत नाही. पण रोलरनं रंग फिरवायचा, पात्यानं खरवडायचा, वाळू द्यायचा, पुन्हा चढवायचा, हे त्यांना कोणत्या मास्तरनं शिकवलं? ते त्यांचं ते शिकले, वॉर्डन रोडच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये. खिडकीबाहेर अरबी समुद्र. हुसेन, रविशंकर, अल्काझी यांची तिथे वर्दळ आणि हा गृहस्थ तासन्‌तास पाण्याकडे बघत बसलेला. १९६०च्या आसपासच्या त्यांच्या कॅनव्हासवर क्षितिजासारखं काहीतरी आडवं जातं, वर-खाली निळ्या-करड्याचे थर. लाट नाही, होडी नाही, माड तर नाहीच. अमूर्त हा शब्द त्यांना मान्य नव्हता. मग समुद्रचित्र हा तरी कसा चालला असता? मी मात्र तेच म्हणतो. १९६३मध्ये अमेरिकन चित्रकार मॉरिस ग्रेव्ह्ज ती कामं बघून इतके भारावले, की त्यांनी थेट न्यूयॉर्कच्या गॅलरीला पत्र लिहिलं. पुढच्याच वर्षी रॉकफेलर शिष्यवृत्तीवर गायतोंडे न्यूयॉर्कला गेले.

१९७२नंतरची दिल्ली, निजामुद्दीनची बरसाती म्हणजे गच्चीवरची खोली, १९८४चा अपघात, वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं, १० ऑगस्ट २००१ला मृत्यू. या काळावर पुष्कळ लिहून झालंय. बरंचसं त्यांच्या मौनाचं कौतुक, त्याचा मला कंटाळा आहे.

मला बोलायचंय ते २०१३नंतरच्या दहा वर्षांबद्दल, कारण ती मी इथे बसून बघितली. तोवर या शहरात गायतोंडे म्हटलं की लोक विचारत, ‘कोण, ते वकील?’ डिसेंबर २०१३मध्ये क्रिस्टीजच्या मुंबईतल्या लिलावात २३ कोटी ७० लाख आले, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये मोठं प्रदर्शन भरलं. त्या हिवाळ्यात मी इथल्या एका संस्थेकडे गेलो. मोठ्या पडद्यावर चित्रं दाखवू, थोडं बोलू, खर्च चहापुरता. सचिव म्हणाले, ‘लोकांना काय काढलंय ते कळेल असं काहीतरी घ्या ना. किल्ले घ्या.’ २०२१मध्ये १९६१चं, त्या समुद्राच्या दिवसांतलं एक चित्र ३९ कोटी ९८ लाखांना गेलं, तेव्हा त्याच संस्थेचा फोन आला. कार्यक्रम करू म्हणाले, हॉल फुकट, शाल-श्रीफळ, फक्त बोलताना भर रकमेवर द्या. मी गेलो नाही. दुसरा वक्ता मिळाला. तो रकमेवरच बोलला, असं कळलं.

२०२४ला जन्मशताब्दी झाली. भाषणांत ‘नागपूरचे सुपुत्र’ ऐकलं. गोव्याचे, गिरगावचे लोक मनात हसले असतील. ज्या मातीपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, तिथल्या जन्मदाखल्यावर आपण किती फुगायचं? आपल्याकडच्या चित्रस्पर्धांत आजही ‘अगदी फोटोसारखं’ हीच सर्वांत मोठी दाद असते आणि त्याच मांडवात यांच्या नावाचा उदोउदो चालतो.

सतीश नाईकांच्या ‘चिन्ह’ प्रकाशनानं २०१६मध्ये गायतोंड्यांवर जाडजूड मराठी ग्रंथ काढला. इथल्या एका वाचनालयात तो आहे, पण ‘महाग आहे, हात लागू नये’ म्हणून कुलपात. फोन करणाऱ्यांना मी हल्ली तिथेच पाठवतो. दुपारी बारानंतर जा, तेव्हा किल्लीवाले जागेवर असतात.