अमेरिकेतील पिकअप ट्रकची लोकप्रियता : उपयुक्तता, धोरण आणि प्रतिमा

सारांश : अमेरिकेत पिकअप ट्रक हे केवळ मालवाहू वाहन राहिलेले नसून ते मध्यमवर्गीय कुटुंबाचे दैनंदिन वाहन झाले आहे. या लोकप्रियतेचे श्रेय सामान्यतः अमेरिकन माणसाच्या आवडीला दिले जाते. प्रस्तुत लेखात ही आवड घडविणाऱ्या आयातशुल्क, इंधनविषयक निकष व करसवलती या तीन धोरणांचा परामर्श घेतला असून, कष्टकऱ्यासाठी दिलेली सवलत कालांतराने कोणाच्या पदरात पडते, या प्रश्नाकडे लक्ष वेधले आहे.

बीजशब्द : पिकअप ट्रक, आयातशुल्क, इंधन-कार्यक्षमता, करसवलत, पादचारी सुरक्षा.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रात ‘पिकअप’ म्हटले की भाजीपाला, दुधाचे कॅन किंवा बांधकामाचे साहित्य वाहून नेणारी गाडी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत मात्र हेच वाहन कार्यालयात जाण्यासाठी, मुलांना शाळेत सोडण्यासाठी आणि किराणा आणण्यासाठीही सर्रास वापरले जाते. २०२३ साली त्या देशात सर्वाधिक खपलेल्या वाहनांत पहिल्या तीनही क्रमांकांवर पिकअप होते : फोर्डची एफ-मालिका, शेव्हरोले सिल्व्हराडो आणि रॅम. त्यांपैकी एकट्या एफ-मालिकेची विक्री सात लाखांहून अधिक होती. ही मालिका १९७७ पासून अमेरिकेतील सर्वाधिक खपाचा ट्रक ठरत आली आहे. शेतीत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचे प्रमाण एकूण रोजगाराच्या दोन टक्क्यांहूनही कमी असलेल्या देशात शेतकऱ्याच्या वाहनाला एवढी मागणी का असावी, हा विचारात घेण्याजोगा प्रश्न आहे.

२. उपयुक्ततेचा पाया

पिकअपचा उगम निखळ गरजेतून झाला. मोटारगाडीचा मागील भाग काढून तेथे लाकडी पेटी बसविण्याचा उद्योग अमेरिकन शेतकरी स्वतःच करीत असत. ही गरज ओळखून फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये ‘मॉडेल टी’ गाडीला कारखान्यातच पोलादी हौदा जोडून ती २८१ डॉलरना विक्रीस आणली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ च्या प्रतिमानापासून एफ-मालिका सुरू झाली.

देशाची भौगोलिक रचनाही या वाहनाला अनुकूल होती. विस्तीर्ण अंतरे, रुंद रस्ते, उपनगरांतील प्रशस्त घरे, वाहनतळांची मुबलकता आणि स्वस्त इंधन या सर्व गोष्टी मोठ्या वाहनाच्या पथ्यावर पडल्या. पेट्रोलवरील संघीय कर १९९३ पासून प्रति गॅलन १८.४ सेंट एवढाच राहिला आहे. सुतार, नळजोडणी करणारे कारागीर, बांधकाम कंत्राटदार, पशुपालक यांना आजही या वाहनावाचून गत्यंतर नाही. घरदुरुस्तीची कामे स्वहस्ते करण्याची प्रथा आणि होडी किंवा फिरते घर गाडीमागे जोडून सहलीस जाण्याची हौस यांचाही येथे उल्लेख करावयास हवा.

तथापि केवळ उपयुक्ततेने या लोकप्रियतेचा उलगडा होत नाही. अमेरिकेतील ग्राहक-सर्वेक्षणांतून असे दिसून आले आहे, की बहुसंख्य पिकअपमालक ट्रेलर ओढण्यासाठी आपले वाहन वर्षातून फार तर एकदा वापरतात. खुद्द वाहनाची रचनाही हेच सांगते. पूर्वी चालकाच्या खोलीत एकच बाक आणि मागे आठ फुटांचा हौदा असे. आज चार दरवाजे, पाच आसने आणि साडेपाच फुटांचा हौदा ही रचना सर्वत्र आढळते. म्हणजेच मालाची जागा आक्रसली आणि माणसांची वाढली. वाहन मात्र ‘ट्रक’ या वर्गातच राहिले. हे वर्गीकरण का टिकले, याचे उत्तर धोरणांच्या इतिहासात सापडते.

३. कोंबडीवरून उद्भवलेले शुल्क

१९६२ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाने अमेरिकेतून येणाऱ्या स्वस्त कोंबड्यांवरील आयातशुल्क वाढविले. वाटाघाटी निष्फळ ठरल्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये प्रत्युत्तरादाखल बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक या वस्तूंवर शुल्क वाढविले. ट्रकवर ते २५ टक्के होते व त्याचा मुख्य रोख पश्चिम जर्मनीतून येणाऱ्या फोक्सवॅगनच्या मालवाहू गाड्यांवर होता. कालांतराने इतर वस्तूंवरील वाढ मागे घेण्यात आली. ट्रकवरील २५ टक्के मात्र कायम राहिले. याउलट प्रवासी मोटारींवरील शुल्क २०२५ मधील वाढीपर्यंत अनेक दशके अवघे २.५ टक्के होते.

या तफावतीचे परिणाम दूरगामी ठरले. प्रवासी मोटारींच्या बाजारपेठेत जपानी कंपन्यांनी अमेरिकन कंपन्यांना जेरीस आणले, परंतु ट्रकच्या बाजारपेठेभोवती तटबंदी उभी होती. प्रारंभी हौदा नसलेला सांगाडा आयात करून हौदा अमेरिकेत बसविण्याची पळवाट उपलब्ध होती. १९८० मध्ये तीही बंद झाली. त्यानंतर निस्सानने टेनेसी राज्यातील स्मर्ना येथे कारखाना उभारला आणि १९८३ मध्ये तेथे प्रथम पिकअपचेच उत्पादन सुरू केले. मुंबईस्थित महिंद्र कंपनीनेही या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत डिझेल पिकअप विकण्याची योजना जाहीर केली होती. वितरकाशी झालेल्या वादामुळे ती तडीस गेली नाही. परंतु भारतातून पूर्ण बांधणीची गाडी पाठविणाऱ्या कोणत्याही कंपनीला या शुल्काचा अडसर होताच.

स्पर्धेपासून मिळालेल्या या संरक्षणामुळे पिकअप हे अमेरिकन कंपन्यांच्या नफ्याचे प्रमुख साधन बनले. साहजिकच भांडवल, संशोधन आणि जाहिरात यांचा ओघ तिकडे वळला. २०१८ मध्ये फोर्डने उत्तर अमेरिकेत ‘मस्टँग’ वगळता पारंपरिक प्रवासी मोटारी टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले, हा याच प्रवाहाचा परिपाक होय.

४. इंधनविषयक निकष आणि करसवलती

१९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकन काँग्रेसने १९७५ मध्ये वाहनांच्या सरासरी इंधन-कार्यक्षमतेचा कायदा संमत केला. त्यात ‘हलके ट्रक’ हा वेगळा वर्ग मानून त्यांच्यासाठी सौम्य निकष ठेवण्याची मुभा होती. शेतकरी व कारागीर यांच्यावर बोजा पडू नये, हा त्यामागील विचार समजण्यासारखा होता. त्या वेळी नव्या वाहनांत अशा ट्रकचा वाटा सुमारे एक-पंचमांश होता. १९९६ ते २००४ या काळात प्रवासी मोटारींसाठी प्रति गॅलन २७.५ मैल (प्रति लिटर सुमारे ११.७ किलोमीटर), तर हलक्या ट्रकसाठी २०.७ मैल (सुमारे ८.८ किलोमीटर) असा निकष होता. १९७८ च्या कायद्याने अतिइंधनभक्षक गाड्यांवर कर लावला, तोही केवळ मोटारींवर. पुढे वाहनाच्या चाकांमधील क्षेत्रफळानुसार निकष ठरविण्याची पद्धत आली व जितके वाहन मोठे तितकी अपेक्षा कमी, असे समीकरण रूढ झाले. लहान पिकअप बनविण्याचे आकर्षण त्यामुळे आणखी घटले. २०२५ मध्ये तर या निकषांच्या उल्लंघनाबद्दलचा दंडच शून्यावर आणण्यात आला.

करव्यवस्थेनेही याच दिशेने हातभार लावला. व्यवसायासाठी घेतलेल्या मोटारीच्या घसाऱ्यावर मर्यादा असते. परंतु भारासह कमाल वजन ६,००० पौंडांहून (सुमारे २,७२० किलो) अधिक असलेल्या वाहनांना ती लागू होत नाही. २००३ मध्ये ही वजावट एक लाख डॉलरपर्यंत वाढविण्यात आली. तिचा गैरवापर होतो अशी ओरड झाल्यावर २००४ मध्ये मोठ्या एसयूव्ही गाड्यांसाठी २५,००० डॉलरची मर्यादा आली; मात्र किमान सहा फुटांचा हौदा असलेले पिकअप त्यातून वगळण्यात आले. लहानमोठा व्यवसाय करणाऱ्या व्यक्तीस जड वाहन घेणे हिशेबाच्या दृष्टीनेही सोयीचे ठरले.

येथे ऑस्ट्रेलियाचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथे कोंबडी-शुल्कासारखी तटबंदी नाही; तरीही फोर्ड रेंजर आणि टोयोटा हायलक्स हे पिकअप विक्रीत अग्रभागी असतात. विस्तीर्ण भूप्रदेश आणि मालवाहू गाड्यांना मिळणाऱ्या करसवलती या दोन गोष्टी तेथेही आहेत. मात्र ही वाहने अमेरिकेतील लोकप्रिय पिकअपपेक्षा आकाराने लहान आहेत. यावरून पिकअपची गरज भूगोलातून निर्माण होते, परंतु तिचा आकार धोरण ठरविते, असे अनुमान करता येईल.

५. प्रतिमेची जडणघडण

धोरणाने बाजारपेठ घडविली, तरी ग्राहकाच्या मनात इच्छा निर्माण करण्याचे कार्य प्रतिमेने केले. स्वावलंबन, अंगमेहनत व मोकळे माळरान ही अमेरिकन लोकमानसातील जुनी मूल्ये पिकअपशी जोडली गेली. २००१ पासून फोर्डने टेक्सासमधील प्रसिद्ध ‘किंग रँच’ या पशुपालन-क्षेत्राच्या नावाने चामडी आसनांची आलिशान आवृत्ती विकली. २०१३ मध्ये रॅम कंपनीने नभोवाणी-निवेदक पॉल हार्वे यांच्या १९७८ मधील शेतकरी-गौरवपर भाषणावर आधारलेली जाहिरात सुपर बोल सामन्याच्या वेळी प्रसारित केली. ज्यांनी कधी नांगर धरला नाही, अशा कोट्यवधी प्रेक्षकांपुढे शेतकऱ्याचे हे गुणगान होते. आज उंची आवृत्त्यांची किंमत ८०,००० डॉलरच्या पुढे जाते. कष्टाचे साधन हे अशा रीतीने कष्टाचे प्रतीक झाले, आणि प्रतीकाचे मूल्य साधनाहून अधिक ठरले.

६. या आवडीची सामाजिक किंमत

अमेरिकेत वाहनांच्या धडकेने मृत्यू पावलेल्या पादचाऱ्यांची संख्या २००९ मध्ये सुमारे ४,१०० होती; २०२२ मध्ये ती ७,५०० च्या घरात गेली. या वाढीस रुंद व वेगवान रस्ते, अपुरा प्रकाश, चालकाचे विचलित लक्ष अशी अनेक कारणे आहेत. तथापि महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या २०२३ मधील अभ्यासानुसार, बॉनेटची उंची ४० इंचांहून अधिक असलेल्या वाहनाच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता, ३० इंच वा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटच्या वाहनापेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असते. उंच बॉनेटमागील चालकास समोरचे लहान मूल दिसणेही दुष्कर होते. शिवाय रस्त्यावर अवजड वाहने वाढली की लहान मोटारीतील कुटुंबास असुरक्षित वाटू लागते व तेही मोठ्या वाहनाकडे वळते. एकाची सुरक्षितता अशा प्रकारे दुसऱ्याच्या भयावर पोसली जाते.

७. समारोप

पिकअपची लोकप्रियता ही अमेरिकन स्वभावाची केवळ नैसर्गिक अभिव्यक्ती नव्हे. गरज, भूगोल आणि प्रतिमा यांना १९६३ चे शुल्क, १९७५ चे वर्गीकरण आणि त्यानंतरच्या करसवलती यांची जोड मिळाली, तेव्हा ही आवड साकारली. शेतकरी व कारागीर यांच्यासाठी दिलेली सूट वापराशी न जोडता वस्तूच्या वर्गाशी जोडली गेली. म्हणून ज्याला सवलतीची गरज नव्हती, त्यानेही तो वर्ग स्वीकारला. आज ‘हलके ट्रक’ या वर्गात एसयूव्हीही मोडतात आणि नव्या वाहनांच्या विक्रीत त्यांचा वाटा तीन-चतुर्थांशांहून अधिक आहे. अपवाद म्हणून केलेली तरतूद नियमाहून मोठी झाली, असेच म्हणावे लागते. सवलत कोणत्या वस्तूला दिली, यापेक्षा ती कोणत्या उपयोगासाठी दिली, हे कायद्याच्या शब्दांत स्पष्ट असणे किती आवश्यक आहे, हे या उदाहरणातून अधोरेखित होते.