नासाशोथ, ॲलर्जीजन्य
परागकण, घरातील धूळ, बुरशीची बीजुके, पाळीव प्राण्यांच्या त्वचेचा कोंडा यांसारखे एरवी निरुपद्रवी असणारे पदार्थ श्वासावाटे आत गेल्यावर काही व्यक्तींच्या नाकातील श्लेष्मकलेला (बुळबुळीत स्राव पाझरणाऱ्या अस्तराला) जी दाहयुक्त सूज येते, तिला ॲलर्जीजन्य नासाशोथ म्हणतात. लागोपाठ शिंका, नाकात खाज, पाण्यासारखा स्राव आणि नाक चोंदणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. फुलोऱ्याच्या ऋतूत उद्भवणाऱ्या प्रकारास परागज ज्वर म्हणण्याचा प्रघात पडला असला, तरी त्यात ताप येत नाही. नेहमीचे पडसे व्हायरसामुळे होते व आठदहा दिवसांत ओसरते. हा विकार मात्र कारण टळेपर्यंत टिकतो.

लंडनमधील वैद्य जॉन बॉस्टॉक यांनी १८१९ मध्ये स्वतःलाच दर उन्हाळ्यात होणाऱ्या या त्रासाचे वर्णन केले. परागकण हे त्याचे कारण असल्याचे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅक्ली यांनी स्वतःच्या शरीरावर केलेल्या व १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दाखविले. ही संवेदनशीलता रक्तरसातून दुसऱ्या व्यक्तीच्या त्वचेत संक्रमित करता येते, हे १९२१ मध्ये प्राउसनिट्झ व क्यूस्टनर यांनी सिद्ध केले. रक्तरसातील तो घटक म्हणजे ई-प्रकारचे प्रतिपिंड, हे १९६६-६७ मध्ये अमेरिकेत इशिझाका दांपत्याच्या व स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिक यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले.

पहिल्या संपर्कात सहसा काहीच जाणवत नाही. श्लेष्मकलेवर बसलेल्या कणांतून प्रथिने विरघळून बाहेर पडतात. धुळीतील सूक्ष्म किडींच्या विष्ठेतील काही प्रथिने तर स्वतःच एंझाइमे असून ती अस्तराच्या कोशिकांमधील सांधे सैल करतात. ही प्रथिने लसीका ग्रंथींपर्यंत पोहोचली, की विशिष्ट लसीका कोशिकांच्या प्रेरणेने ई-प्रतिपिंडे तयार होतात व श्लेष्मकलेतील स्तंभ कोशिकांच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात. नाक आता सज्ज झालेले असते.

पुन्हा तोच पदार्थ आला, की तो शेजारशेजारच्या दोन प्रतिपिंडांना जोडतो आणि काही मिनिटांतच स्तंभ कोशिका आपल्या कणिकांतील हिस्टामीन बाहेर टाकतात. हिस्टामिनामुळे तंत्रिकांची टोके उद्दीपित होऊन खाज व शिंका येतात, प्रतिक्षेपी क्रियेने ग्रंथींतून स्राव वाहू लागतो, तर केशवाहिन्या सच्छिद्र होऊन द्रव ऊतकात झिरपतो. त्याच वेळी नव्याने तयार होणाऱ्या ल्यूकोट्राइनांमुळे नाकातील रक्तकोटरे रक्ताने फुगून मार्ग अरुंद होतो.

येथेच प्रकरण संपत नाही. सुमारे चार ते बारा तासांनंतर, नवा संपर्क नसतानाही, अनेक रुग्णांत दुसरी अवस्था सुरू होते. रक्तातून आलेल्या इओसीनरागी व इतर कोशिका श्लेष्मकलेत गोळा होऊन तिला इजा करणारी प्रथिने सोडतात. या अवस्थेत शिंकांपेक्षा चोंदणेच अधिक असते. सकाळी झाडलोट करणाऱ्याचे नाक रात्री बंद होते व तो रात्रीच्या गारव्याला दोष देतो, तो यामुळेच. शोथ टिकून राहिल्यास पुढे अत्यल्प परागकणही पुरेसे होतात. धूर, उग्र वास यांनीही त्रास उसळतो.

महाराष्ट्रातील दमट हवामान धुळीतील किडींना पोषक आहे. १९५०–६० या दशकात पुणे परिसरात प्रथम आढळलेल्या गाजर गवताचे परागकणही भारतात या विकाराचे एक कारण ठरले आहेत.

उपचारांचे तर्कशास्त्र वरील दोन अवस्थांतूनच येते. हिस्टामीनविरोधी औषधांनी शिंका व खाज थांबते, पण चोंदलेले नाक फारसे मोकळे होत नाही. त्यासाठी शोथच कमी करणारे स्टेरॉइडाचे नाकातील फवारे अधिक उपयुक्त असतात. मात्र ते नियमाने घ्यावे लागतात. रक्तवाहिन्या आकुंचित करणारे थेंब तात्काळ आराम देतात म्हणून लोकप्रिय आहेत. तथापि ते काही दिवसांपेक्षा अधिक वापरल्यास नाक उलट अधिकच चोंदते व रुग्ण थेंबांच्या आहारी जातो. प्रतिजैविके येथे निरुपयोगी होत. नाकाचा हा त्रास असणाऱ्या अनेकांना दमाही असतो. म्हणून खोकला किंवा धाप लागल्यास छातीची तपासणी करून घेणे आवश्यक ठरते. कारणीभूत पदार्थाच्या वाढत्या मात्रा टोचून सहनशीलता निर्माण करण्याची पद्धत लेनर्ड नून यांनी १९११ मध्ये मांडली; आता जिभेखाली ठेवण्याच्या गोळ्याही उपलब्ध असून हा उपचार सामान्यतः सुमारे तीन वर्षे चालू ठेवावा लागतो.