सुटलेले सोळा बाइट

कूटबद्ध मजकुरातली चूक नजरेला दिसत नाही. उत्तर बरोबर असो वा चूक, समोर तोच निरर्थक बाइटांचा ढीग. म्हणून ओपनएसएसएलसारख्या क्रिप्टोग्राफी लायब्ररीत उत्तराची तपासणी यंत्रालाच करावी लागते.

साध्या फायलींत एन्क्रिप्शनच्या प्रत्येक मोडसाठी, म्हणजे पद्धतीसाठी, की, आरंभमूल्य, मूळ मजकूर आणि अपेक्षित कूटमजकूर ओळीने लिहिलेले असतात. ‘मेक टेस्ट’ ही आज्ञा दिली की चाचणीचा प्रोग्रॅम त्या ओळी वाचतो, एन्क्रिप्शन करतो आणि उत्तर ताडून पाहतो. एक बिट चुकला तरी नापास. सीबीसी, सीटीआर या मोडची नमुना-उत्तरं अमेरिकेच्या निस्ट या मानकसंस्थेने २००१ सालीच प्रसिद्ध केली आहेत. पण चाचणी तेवढ्यावर थांबत नाही. तोच मजकूर तुकड्यातुकड्यांनी दिला जातो, मेमरीत आडनिड्या पत्त्यावर ठेवला जातो, मूळ मजकुराच्याच जागी उत्तर लिहायला लावलं जातं.

एवढ्या कडक पहाऱ्यातूनही २०२२ साली ओसीबी मोडमधली एक चूक निसटलेली आढळली.

ती चूक वेगासाठी असेंब्लीत लिहिलेल्या, ३२ बिटी एक्स८६ प्रोसेसरसाठीच्या कोडमध्ये होती. त्या कोडचा लूप एका फेरीत १६ बाइटांचे सहा ब्लॉक, म्हणजे ९६ बाइट उरकतो. उरलेले ब्लॉक पुढचा भाग सांभाळतो. लूपच्या शेवटी ‘कमी किंवा समान’ अशी तुलना हवी होती, तिथे नुसतं ‘कमी’ होतं. तेवढ्यामुळे ठरावीक लांबीच्या मजकुरात शेवटच्या गठ्ठ्यातला शेवटचा ब्लॉक सुटून जाई. त्या १६ बाइटांवर काहीच लिहिलं जात नसे. मूळ मजकुराच्याच जागी एन्क्रिप्शन चाललं असेल, तर तेवढा मजकूर चक्क उघडा राही!

ओसीबीची व्याख्या करणाऱ्या २०१४ सालच्या आरएफसी ७२५३ या दस्तऐवजातल्या नमुन्यांच्या यादीत सर्वांत लांब मजकूर ४० बाइटांचा आहे. त्याने ९६ बाइटांचा लूप सुरूही होत नाही. असे नमुने गणित बरोबर आहे का, एवढंच सांगतात. वेगासाठी कोडला दिलेली वळणं त्यांना ठाऊक नसतात. चाचणी लिहिणाऱ्याने कोड उघडून लूप कुठे वळतो ते पाहावं आणि नेमक्या त्याच लांबीचे नमुने बनवावेत. ९६च्या पटींभोवतीचे कंटाळवाणे आकडेच इथे सर्वांत मोलाचे.

वेबवरची वाहतूक सुरक्षित ठेवणाऱ्या टीएलएसमध्ये ओसीबी वापरलाच जात नाही, त्यामुळे ती वाहतूक वाचली. चूक गूगलच्या अलेक्स चेर्न्याखोव्स्की यांनी कळवली. दुरुस्ती त्यांनी आणि दोन सहकाऱ्यांनी केली, ती जुलैमध्ये १.१.१क्यू आणि ३.०.५ या आवृत्त्यांतून बाहेर पडली. त्या वेगवान कोडची परीक्षा घेण्यासाठी बनवलेले नवे नमुनेही ओसीबीच्या चाचणी-फायलीत दाखल झाले.