भाकरी, बेदाणे आणि कुत्रा

साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा या नद्यांच्या संगमावर माहुली हे गाव आहे. छत्रपती शाहू महाराजांची समाधी तेथे आहे, आणि त्यांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचीही समाधी दाखवतात. शिकारीत वाघ अंगावर आला असता खंड्याने महाराजांना वाचवले, अशी हकीकत सांगतात. शाहू महाराज १७४९ साली वारले. म्हणजे कुत्र्याला घरच्या माणसाप्रमाणे मान देण्याची या मुलखातली रीत निदान पावणेतीनशे वर्षांची आहे. मान देणे सोपे असते. त्याचे शरीर कसे चालते हे समजून घेणे मात्र आपण बहुधा विसरतो.

सांगलीकडून पूर्वेला कर्नाटकात शिरले की बागलकोट जिल्ह्यात मुधोळ लागते. तेथील सडपातळ, लांब तोंडाचे कुत्रे मुधोळ या नावाने, तर आपल्याकडे कारवानी या नावाने ओळखले जातात. २००५ साली भारतीय टपाल खात्याने मुधोळ कुत्र्याचे तिकीटही काढले. हा कुत्रा वासापेक्षा नजरेवर शिकार करणारा आहे. त्याची छाती खोल, कंबर बारीक आणि पाठीचा कणा लवचीक असतो. भरधाव पळताना एका झेपेत त्याचे चारही पाय दोन वेळा जमिनीपासून सुटतात. पहिल्यांदा ते पोटाखाली गोळा होतात तेव्हा आणि दुसऱ्यांदा ते पुढेमागे पूर्ण ताणले जातात तेव्हा. दौडणाऱ्या घोड्याचे पाय असे एकदाच सुटतात. साहजिकच, समोर काही हलले की असा कुत्रा आधी पळतो आणि मग ऐकतो. त्याला सशामागे सोडणे हा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

मग त्याला 'ये' म्हटले की परत यायला कसे शिकवायचे? कुत्रा दोन गोष्टींची सांगड घालतो, पण त्या लागोपाठ घडल्या तरच. तो जवळ आला त्याच क्षणी भाकरीचा तुकडा दिला, तर 'ये' हा शब्द आणि खाऊ यांचा संबंध त्याच्या मेंदूत जुळतो. उशिरा आला म्हणून जवळ आल्यावर रट्टा दिला, तर 'जवळ जाणे म्हणजे मार' एवढेच तो शिकतो. मार देऊन कुत्रा शहाणा होतो, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे आणि ती साफ चुकीची आहे.

भाकरीवरून आठवले. लांडगा हा मांसाहारी. त्याचाच आप्त असलेला कुत्रा माणदेशात भाकरीवर कसा जगतो? २०१३ साली स्वीडनमधील संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांची जनुके ताडून पाहिली. पिष्टमय पदार्थ पचवणारे अमायलेज हे विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त आढळल्या. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षे काढल्याची ही खूणच. तरी नुसत्या भाकरीवर पिल्लाची वाढ नीट होत नाही. त्याला अंडी, दूध-दही, मांस किंवा मासळी यांतून प्रथिने मिळायला हवीत.

आपल्या ताटातले सगळेच मात्र त्याला चालत नाही. तासगाव, मिरज, सांगली हा द्राक्षांचा आणि बेदाण्यांचा मुलूख. आपण मुठीने बेदाणे खातो, पण थोडेसे बेदाणे खाऊनही काही कुत्र्यांचे मूत्रपिंड निकामी होते. असे का होते, हे कित्येक वर्षे कोडेच होते. २०२१ च्या सुमारास अमेरिकेतील पशुवैद्यांनी द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. हे आम्ल चिंचेतही भरपूर असते. कोणत्या कुत्र्याला किती बेदाणे बाधतील हे आधी सांगता येत नाही. तेव्हा बेदाण्याच्या शेडवर राखणीला कुत्रा बांधणाऱ्यांनी खाली सांडलेला माल झाडून घ्यावा. कांदा-लसूण त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात, आणि चॉकलेटही त्याला विषारीच.

उन्हाळ्यात कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो. त्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना. बाकीची उष्णता जीभ आणि श्वसनमार्ग यांवरील ओलाव्याच्या बाष्पीभवनाने बाहेर टाकली जाते. सावलीत शांत झोपलेल्या कुत्र्याची छाती मिनिटाला किती वेळा वरखाली होते ते घड्याळ लावून मोजा. साधारण दहा ते तीस हा आकडा येईल. हीच मोजणी दुपारी तो धापा टाकत असताना करून पाहा. बहुधा मोजताच येणार नाही!

गोचिडी, जंत, पिल्लांना होणारा पार्व्हो यांबद्दल जनावरांच्या दवाखान्यात विचारावे. सातारा जिल्ह्यात शिरवळला तर पशुवैद्यक महाविद्यालयच आहे. पण एका रोगाबद्दल येथेच सविस्तर सांगायला हवे, कारण त्यात जीव जातो तो माणसाचा, आणि बळी पडणाऱ्यांत दहापैकी सुमारे चार जण पंधरा वर्षांखालील मुले असतात.

हा रोग म्हणजे रेबीज. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतील विषाणू चाव्यातून स्नायूत शिरतो, तेथून मज्जातंतू गाठतो आणि त्या वाटेने सावकाश मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुधा दोनतीन महिने लागतात. तो मेंदूत पोचून लक्षणे दिसू लागली की जवळजवळ कोणीच वाचत नाही. मात्र त्याच्या या संथपणामुळेच आपल्याला सवड मिळते. लुई पाश्चर यांनी १८८५ साली जोसेफ माइस्टर या मुलाला कुत्रा चावल्यानंतर लस टोचली आणि तो वाचला.

पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, ही धास्ती अजून घरोघरी आहे. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस भारतात २००५ पासून बंद आहे. आता प्रयोगशाळेतील पेशींवर वाढवलेली लस दंडावर देतात. सरकारी दवाखान्यांत बहुधा ती त्वचेत टोचतात, पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी. जखमेतून रक्त आले असेल, तर जखमेच्या आत प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते. कारण लसीमुळे शरीराची स्वतःची प्रतिपिंडे तयार व्हायला काही दिवस जातात.

त्याआधीचे काम घरचे. नळाखाली साबण लावून जखम पूर्ण पंधरा मिनिटे धुवायची. विषाणूभोवती स्निग्ध पदार्थांचे आवरण असते आणि साबण ते विरघळवतो. सांगलीची हळद प्रसिद्ध आहे, पण ती या जखमेत भरू नये. चुना आणि मिरचीपूड तर मुळीच नको. त्यांनी जखम चिघळते आणि विषाणू धुऊन निघायचा राहतो. ओरखडा किंवा खरचटलेल्या जागी चाटणे यांकडेही दुर्लक्ष नको. रागावतील म्हणून कितीतरी मुले घरी सांगतच नाहीत. तुमच्या धाकट्या भावंडांना आजच सांगून ठेवा, की कुत्रा चावला तर कोणी रागावणार नाही.

चावणारा कुत्रा पाळीव असेल तर त्याला मारू नये, बांधून दहा दिवस नजरेखाली ठेवावे. चावताना त्याच्या लाळेत विषाणू असता, तर एवढ्या दिवसांत तो आजारी पडून मेला असता. तो धडधाकट राहिला तर पुढच्या सुया थांबवायच्या की नाही हे डॉक्टर ठरवतील. पहिली सुई मात्र त्याच दिवशी घ्यायची. आणि पाळलेल्या पिल्लाला तीन महिन्यांचे झाले की रेबीजची पहिली लस, मग दर वर्षी पशुवैद्य सांगतील तेव्हा पुढची. तारीख दप्तराच्या वहीत लिहून ठेवा. घरातले मोठे विसरतात.