विकीतील पत्त्यांची व्यवस्था : नाम, वर्गीकरण आणि स्थैर्य

महाजालावरील प्रत्येक पृष्ठाला यूआरएल, म्हणजे पत्ता असतो. मागितलेल्या पत्त्यावरून कोणते पृष्ठ द्यावयाचे हे ठरविणारी नियमव्यवस्था म्हणजे मार्गनिर्देशन होय. विकीमध्ये लेखाचे शीर्षक हाच सामान्यतः त्याचा पत्ता असल्याने हा प्रश्न केवळ तंत्रज्ञाचा राहत नाही. तो नामकरणाचा, पर्यायाने भाषेचाही ठरतो.

वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या पहिल्या विकीत शब्द एकमेकांस जोडून व प्रत्येकाचे आद्याक्षर मोठे लिहून शीर्षक सिद्ध होई. २००१ मध्ये आरंभ झालेल्या विकिपीडियानेही प्रथम हीच रीत स्वीकारली आणि लवकरच सोडली. देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेदच नसल्याने मराठीला ही रीत उपयोगी पडणे शक्य नव्हते.

पत्त्यातच वर्गीकरण गुंफावे काय, हा दुसरा प्रश्न. ‘साहित्य/कविता/कुसुमाग्रज’ अशी उतरंड वरकरणी शिस्तबद्ध वाटते. परंतु कुसुमाग्रज नाटककारही आहेत. त्यांना एकाच शाखेत बसविणे हा एक वाङ्मयीन निर्णय ठरतो आणि तो बदलताच पत्ताही बदलतो. म्हणून विकिपीडियाने लेखांचे पत्ते सपाट ठेवले व वर्गीकरणाचे कार्य स्वतंत्र ‘वर्ग’ पृष्ठांकडे सोपविले. चर्चा, सदस्य, साचा इत्यादी पृष्ठे नामविश्वाच्या उपसर्गाने वेगळी केली जातात.

अशा सपाट रचनेत दोन अडचणी संभवतात. एका विषयाला अनेक नावे असतात : ‘ज्ञानेश्वरी’ व ‘भावार्थदीपिका’. येथे एक शीर्षक मुख्य मानून दुसऱ्यावरून पुनर्निर्देशन करावे लागते. ऱ्हस्व-दीर्घाच्या भिन्न लेखनालाही हाच उपाय लागू पडतो. उलटपक्षी एका नावाचे अनेक विषय असतात. ‘श्यामची आई’ हे साने गुरुजींचे पुस्तक आहे आणि १९५३ चा चित्रपटही. तेथे शीर्षकापुढे कंसात ‘चित्रपट’ यासारखा भेददर्शक शब्द जोडावा लागतो.

लिपीचाही येथे विचार करावयास हवा. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते आणि पत्त्याच्या सांकेतिक रूपात प्रत्येक बाइट तीन चिन्हांनी लिहिला जातो. परिणामी ‘पुणे’ हा चार चिन्हांचा शब्द छत्तीस चिन्हांचा होतो. मीडियाविकी प्रणालीत शीर्षकाची मर्यादा २५५ बाइट असल्याने देवनागरीला जेमतेम ८५ चिन्हे मिळतात. दीर्घ ग्रंथनामांच्या बाबतीत ही मर्यादा जाणवण्याजोगी आहे.

अभ्यासकाच्या दृष्टीने कळीचा मुद्दा स्थैर्याचा. चांगला पत्ता बदलत नाही, हे तत्त्व टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये आग्रहाने मांडले. शीर्षक बदलले तरी जुना पत्ता पुनर्निर्देशनाने जिवंत ठेवता येतो. तथापि पत्ता टिकला म्हणून मजकूर टिकतोच असे नाही. यासाठी प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र क्रमांक व त्यावर आधारित कायमचा दुवा दिलेला असतो. प्रबंधातील संदर्भ चालू लेखाचा नव्हे, तर या आवृत्तीचा असावयास हवा. हस्तलिखिताची नेमकी प्रत नोंदविण्याची पाठचिकित्सेतील शिस्त येथेही तितकीच आवश्यक ठरते.