मोर्चाला हजारो, तारखेला कोणीच नाही : पीडित आणि साक्षीदारांचे हक्क समजून घेऊया

अत्याचाराची घटना घडली की पहिल्या आठवड्यात पीडित कुटुंबाच्या दारात पाय ठेवायला जागा नसते. नेते येतात, संघटना येतात, निवेदने दिली जातात, मोर्चा निघतो. हे सगळे आवश्यकच आहे, कारण त्याशिवाय अनेकदा गुन्हासुद्धा दाखल होत नाही. पण खटला उभा राहतो दोन-तीन वर्षांनी. तेव्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात फिर्यादी आणि साक्षीदार एकटे बसलेले असतात. समोरच्या बाकावर मात्र आरोपीचे अख्खे गाव असते.

बुलढाणा जिल्ह्यात सामाजिक कार्य करताना मी हे चित्र अनेकदा पाहिले. आपल्या जिल्ह्यात १३ तालुके आहेत. सातपुड्याच्या पायथ्याचे संग्रामपूर, जळगाव जामोद एका टोकाला, तर सिंदखेडराजा, लोणार दुसऱ्या टोकाला. घाटाखालच्या माणसाला घाटावर साक्षीला यायचे म्हणजे दोन एसट्या, दिवसभराची मजुरी आणि घरी लेकरांची सोय, एवढा हिशेब करावा लागतो. खटले पुराव्याअभावी सुटतात असे आपण म्हणतो. तो पुरावा म्हणजे बहुतेक वेळा अशीच एखादी शेतमजूर बाई किंवा बांधावरचा शेजारी असतो, हे आपण विसरतो.

माझ्या हातून झालेली चूक

एका मारहाणीच्या प्रकरणात पन्नाशीच्या एक ताई प्रत्यक्षदर्शी साक्षीदार होत्या. तीनदा समन्स आले, तीनदा त्या गेल्या आणि तीनदा पुढची तारीख पडली. चौथ्या तारखेच्या आदल्या रात्री मी त्यांना फोनवर म्हटले, "भेऊ नका, मी आहे." दुसऱ्या दिवशी एक बैठक आली आणि मी गेले नाही. त्या दिवशी साक्ष झाली आणि ताईंनी "मी काही पाहिले नाही" असे सांगितले. त्या फितूर ठरल्या.

महिनाभराने त्यांच्या घरी गेले. रागावून गेले होते, हे कबूल करते. त्यांनी चहा ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, तुमी म्हनल्या व्हत्या मी आहे. पन तुमी तं नव्हत्या. त्यायनं गाडी पाठवली, चहा पाजला, दिवसभर बाजूले बसून राह्यले. मले त्याच गावात राहाचं हाय." माझ्याकडे उत्तर नव्हते. साक्षीदार फितूर झाला की आपण त्याला विकला गेला म्हणतो. पण त्याला न्यायालयात आणून सोडणारी गाडी कोणाची होती, हे आपण विचारत नाही.

खैरलांजी ही साक्षीदारांचीच कहाणी आहे

२९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यातले खैरलांजी. सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियंका आणि रोशन व सुधीर ही दोन मुले, अशा चौघांची हत्या झाली. जमिनीचा वाद, जातीचा द्वेष, शिकणाऱ्या मुलीबद्दलचा आकस अशी अनेक कारणे आपण वाचली आहेत. पण लगेचचे निमित्त वेगळे होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला शेजारच्या धुसाळा गावच्या पोलीस पाटलांना मारहाण झाली होती. त्या प्रकरणात सुरेखाताई आणि प्रियंका यांनी मारणाऱ्यांची ओळख पोलिसांना सांगितली. त्या आरोपींना जामीन मिळाला आणि त्याच संध्याकाळी जमाव भोतमांगेंच्या घरावर चालून गेला.

म्हणजे या दोघी साक्षीदार होत्या. आरोपी जामिनावर सुटत आहेत हे त्यांना वेळेत कळले असते आणि घराला संरक्षण मिळाले असते तर काय झाले असते, हा प्रश्न आजही सुटत नाही. भंडारा सत्र न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. अत्याचार प्रतिबंधक कायदा मात्र या खटल्यात लागू झालाच नाही. कुटुंबातले एकटे उरलेले भैयालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ रोजी गेले. शेवटपर्यंत ते न्याय मागत होते.

दुसरे उदाहरण खर्ड्याचे. अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या १७ वर्षांच्या मुलाची हत्या झाली. राज्यभर मोर्चे निघाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले, कारण अनेक साक्षीदार फितूर झाले होते. मोर्चाची ताकद साक्षीच्या दिवसापर्यंत पोहोचली नाही.

कायदा काय म्हणतो?

अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम १९८९ चा आहे. त्यात मोठी दुरुस्ती होऊन ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली आणि पीडित व साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण आले. ते म्हणजे कलम १५-क, इंग्रजी प्रतीत १५ए. आपल्यापैकी अनेकांना कलम ३ पाठ असते, पण १५-क माहीत नसते. त्यातील महत्त्वाच्या गोष्टी अशा :

१. पीडित, त्यांच्यावर अवलंबून असलेले लोक आणि साक्षीदार यांना धमकी, आमिष, दबाव व हिंसेपासून वाचवणे ही राज्याची जबाबदारी आहे.

२. न्यायालयातील प्रत्येक कार्यवाहीची, जामिनाच्या सुनावणीसह, पीडिताला वेळेत सूचना मिळाली पाहिजे.

३. जामीन, आरोपमुक्ती, पॅरोल, शिक्षा या प्रत्येक टप्प्यावर आपले म्हणणे मांडण्याचा पीडिताला हक्क आहे. लेखी म्हणणेही देता येते.

४. साक्षीदाराला धमकी आल्यास त्याची तक्रार तोंडी असो की लेखी, ती नोंदवून घेणे ठाणेदार आणि तपास अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. अशी तक्रार मूळ खटल्यापासून वेगळी चालवून दोन महिन्यांत निकाली काढायची असते.

५. विशेष न्यायालयाने संरक्षण, प्रवास व निर्वाह खर्च, पुनर्वसन आणि गरज असल्यास दुसरीकडे राहण्याची व्यवस्था द्यायची असते.

६. सामाजिक कार्यकर्ते, संस्था किंवा वकील यांची मदत घेणे हा पीडिताचा हक्क आहे.

शेवटचा मुद्दा नीट लक्षात घ्या. ठाण्यात "तुम्ही यांच्या कोण?" असे कोणी विचारले तर उत्तर कायद्यातच आहे. आपण उपकार म्हणून तिथे उभे नसतो.

सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी हरिराम भांभी प्रकरणात हे स्पष्ट केले की पीडिताला सूचना देणे आणि ऐकून घेणे बंधनकारक आहे. त्या प्रकरणात पीडित पक्षाला न कळवता दिलेला जामीन रद्द झाला. खैरलांजीच्या पार्श्वभूमीवर हा निकाल वाचला की त्याचे मोल कळते.

एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी

१९९५ च्या नियमांतील नियम ११ प्रत्येक साक्षीदाराला तोंडपाठ हवा. पीडित, अवलंबित आणि साक्षीदार यांना तपासाच्या किंवा सुनावणीच्या ठिकाणी येण्या-जाण्याचे भाडे मिळते. शेतमजुराच्या किमान वेतनापेक्षा कमी नाही एवढा दैनिक निर्वाह खर्च मिळतो, शिवाय जेवणाचा खर्च. महिला, अल्पवयीन, ६० वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीला आपल्या पसंतीचा एक सोबती आणता येतो आणि त्याचाही खर्च मिळतो. ही रक्कम जास्तीत जास्त तीन दिवसांत द्यायची आहे. मी वर सांगितलेल्या ताईंना हे सगळे लागू होते. त्यांना ते माहीत नव्हते, आणि मी अर्ज केला नव्हता.

अर्थसाहाय्य वेगळे. ते टप्प्याटप्प्याने मिळते. हत्येच्या प्रकरणात ८ लाख २५ हजार रुपयांपैकी निम्मी रक्कम शवविच्छेदनानंतर आणि निम्मी दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर. जातिवाचक अपमानाच्या प्रकरणात १ लाख रुपये, २५, ५० आणि २५ टक्के अशा तीन टप्प्यांत. यासाठी जातीचा दाखला, एफआयआरची प्रत, वैद्यकीय कागद आणि बँक खाते ही फाईल पहिल्याच आठवड्यात तयार ठेवावी आणि समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालयात पाठपुरावा करावा. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असून तो ६० दिवसांत पूर्ण व्हायला हवा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक दर तीन महिन्यांनी होणे आवश्यक आहे. आपले प्रकरण त्या बैठकीत आले का, हे लेखी विचारता येते.

संरक्षण कसे मागायचे?

अत्याचाराच्या कायद्याखाली नसलेल्या गंभीर गुन्ह्यांतील साक्षीदारांनाही संरक्षण मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी महेंद्र चावला प्रकरणात साक्षीदार संरक्षण योजना २०१८ मान्य केली आणि ती देशभर लागू केली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ नेही प्रत्येक राज्याने अशी योजना अधिसूचित करावी असे सांगितले आहे.

२०१८ च्या योजनेत प्रत्येक जिल्ह्यात एक समिती असते. जिल्हा व सत्र न्यायाधीश तिचे अध्यक्ष, जिल्हा पोलीस प्रमुख सदस्य आणि अभियोग विभागाचे प्रमुख सदस्य-सचिव. अर्ज सदस्य-सचिवांमार्फत जातो. त्यानंतर त्या उपविभागाचे पोलीस अधिकारी धोक्याचा अहवाल तयार करतात. तो पाच कामकाजाच्या दिवसांत यायला हवा. जिवाला धोका असेल तर गट अ, सुरक्षितता, प्रतिष्ठा किंवा मालमत्तेला धोका असेल तर गट ब, आणि त्रास वा धमकी मध्यम स्वरूपाची असेल तर गट क. तातडी असेल तर अहवाल येण्यापूर्वीही अंतरिम संरक्षण देता येते. न्यायालयात ने-आण, घराजवळ गस्त, फोन नंबर बदलणे, तात्पुरते दुसरीकडे राहणे, आरोपीशी समोरासमोर न येता साक्ष देणे असे उपाय त्यात आहेत. एका वेळी संरक्षण तीन महिन्यांपर्यंत मिळते, नंतर पुन्हा विचार होतो. म्हणून मुदत संपण्याची तारीख डायरीत लिहून ठेवा.

अर्जात "मला भीती वाटते" एवढेच लिहू नका. कोण, कधी, कुठे, काय म्हणाले, कोणाच्या समोर, कोणत्या नंबरवरून फोन आला, हे लिहा. खोटी साक्ष देण्यासाठी धमकावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३२ नुसार सात वर्षांपर्यंत शिक्षेचा स्वतंत्र गुन्हा आहे.

सोबत जाणाऱ्याने काय करावे, काय करू नये

इंग्लंडमध्ये १९७४ साली ब्रिस्टल शहरात पीडितांना आधार देणारे स्वयंसेवक उभे राहिले आणि पुढे ती देशव्यापी व्यवस्था झाली. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ मध्ये पीडितांच्या न्यायाचा जाहीरनामा मंजूर केला. आपल्याकडे असा पगारी पीडित सहायक प्रत्येक न्यायालयात नाही. ते काम आपल्यालाच शिकून करावे लागेल.

काम साधे आहे. साक्षीच्या आधी एकदा न्यायालयाची खोली दाखवून आणणे. न्यायाधीश कुठे बसतात, सरकारी वकील कोण, उलटतपासणी म्हणजे काय, प्रश्न समजला नाही तर "समजला नाही" म्हणता येते, हे सांगणे. आरोपीच्या लोकांपासून दूर बसण्याची जागा सरकारी वकिलांना विचारून ठरवणे. आणि तारीख पुढे गेली तर त्याच दिवशी पुढची तारीख लिहून घेणे.

साक्ष मात्र कधीही पढवू नका. जे पाहिले तेच आणि जे आठवत नाही ते "आठवत नाही", एवढेच साक्षीदाराने सांगायचे असते. पढवलेली साक्ष उलटतपासणीत उघडी पडते आणि खरी घटनाही खोटी ठरते. "काही होणार नाही" असे वचन देऊ नका. जे देता येईल तेवढेच द्या : "मी सकाळी नऊला बसस्टँडवर असेन." आणि असा.

आणखी एक गोष्ट आपल्याच कार्यकर्त्यांसाठी. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेचे नाव, फोटो, घराचा पत्ता व्हॉट्सॲपवर फिरवू नका. ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. संताप खरा असला तरी त्या मुलीला त्याच गावात, त्याच शाळेत परत जायचे असते. तिच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मनोधैर्य योजनेतील मदत मिळू शकते, तो अर्ज आधी भरा.

विहारातून सुरुवात करूया

प्रत्येक गावात आपले विहार आहे. रविवारच्या वंदनेनंतर १५ मिनिटे कलम १५-क वाचून दाखवता येईल. तालुक्यात पाच जणांचा एक गट करता येईल, त्यात किमान दोन महिला असाव्यात. त्यांच्याकडे एकच वही : आपल्या तालुक्यातले चालू खटले, पुढची तारीख आणि त्या दिवशी सोबत कोण जाणार त्याचे नाव. मदतीसाठी अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाईन १४५६६ आणि मोफत विधी सहाय्यासाठी १५१०० हे दोन क्रमांक विहाराच्या फलकावर लिहून ठेवा.

त्या ताईंकडे मी अजूनही जाते. त्यांचा खटला संपला, आरोपी सुटले. ते परत आणता येत नाही. पण गेल्या वर्षी त्यांच्याच गल्लीतल्या एका मुलीची साक्ष होती. सकाळी मी बसस्टँडवर पोहोचले तेव्हा ताई तिच्या शेजारी बसलेल्या होत्या, डबा घेऊन. म्हणाल्या, "मी राह्यते इच्यासंग. तुमी कागदं पाहा."

मोर्चा काढूया, निवेदनही देऊया. पण घरी परतण्यापूर्वी पहिली तारीख कधी आहे, तेवढे विचारून जाऊया.

जय भीम!